एकच माप मागणारी लेखणी : ताराबाई शिंदे

येवला शहराची ओळख महाराष्ट्राला दोन गोष्टींमुळे आहे. एक येथील पैठणी आणि दुसरी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येथे भरलेली परिषद. जन्माने वाट्याला आलेला धर्म त्यागण्याचा निर्धार परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच भूमीवर जाहीर केला, म्हणून आपण हिला मुक्तिभूमी म्हणतो. त्या निर्धाराच्या मुळाशी एक प्रश्न होता. जो धर्म माणसामाणसांना वेगवेगळ्या मापांनी मोजतो, त्याचे ओझे मोजल्या जाणाऱ्यांनी का वाहावे? हाच प्रश्न येवल्याच्या परिषदेपूर्वी ५३ वर्षे, १८८२ साली, वऱ्हाडातील एका स्त्रीने स्त्रीजातीच्या वतीने विचारला होता. त्या स्त्रीचे नाव ताराबाई शिंदे आणि तिच्या पुस्तकाचे नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’.

आमच्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेत थोरांची चरित्रे यावीत, असे ठरले तेव्हा ताराबाईंचे नाव आम्ही आग्रहाने सुचविले. सावित्रीबाईंचे, माता रमाईंचे चरित्र आमच्या मुलींना मुखोद्गत आहे. ताराबाईंचे नाव मात्र पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या ओळीपलीकडे फारसे पोहोचलेले नाही. त्यांनी लिहिलेले पुस्तक एकच, आणि तेही नव्वदाहून अधिक वर्षे विस्मृतीत गेलेले. तरीही आधुनिक भारतातील स्त्रीमुक्तीच्या विचाराचा इतिहास त्या छोट्या पुस्तकाला वगळून लिहिता येत नाही.

बालपण आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म सुमारे १८५० साली बुलढाणा येथे एका मराठा कुटुंबात झाला. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या कारभाराखाली येऊ लागला होता. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत मुख्य कारकून होते. सरकारी नोकरीत असूनही त्यांच्या विचाराला गंज चढला नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी त्यांचे निकटचे नाते होते. त्याआधीच, १८७१ मध्ये, त्यांनी शिकलेल्या देशबांधवांना चार गोष्टी सुनावणारे एक पुस्तकही प्रसिद्ध केले होते.

चार भावांत ताराबाई ही एकटी बहीण. त्या काळी बुलढाण्यात मुलींसाठी शाळा नव्हती. पुण्याच्या भिडेवाड्यात फुले दांपत्याने १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली होती, परंतु पुणे बुलढाण्यापासून फार दूर होते. बापूजींनी घराचीच शाळा केली. त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी या तिन्ही भाषा शिकविल्या. मुलीला अक्षरओळख झाली तर घराचा नाश होतो, अशी समजूत ज्या समाजात पक्की होती, त्या समाजात एका कारकुनाने आपल्या लेकीला संस्कृत वाचायला शिकविले, ही गोष्ट साधी नाही. पुढे ताराबाईंनी पुराणांतील कथा आणि स्त्रीनिंदेचे श्लोक घेऊन त्यांचा हिशेब मांडला, तो या शिक्षणाच्या बळावर. ज्या ग्रंथांच्या आधारे स्त्रीला दोषी ठरविले जात होते, ते ग्रंथ तिने स्वतः वाचले होते.

रीतीप्रमाणे त्यांचे लग्न लहान वयात झाले. एकुलती लेक दूर जाऊ नये म्हणून जावई घरजावई करून घेतला गेला. संसार सुखाचा झाला नाही, मूलबाळ झाले नाही. पतीच्या निधनानंतर त्यांचा पुनर्विवाह झाला नाही, कारण कुलीन म्हणविणाऱ्या मराठा घराण्यांत त्याला मज्जाव होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कष्टकरी जातींमध्ये विधवेचा पाट लावण्याची रीत पूर्वापार होती. एखादे घराणे स्वतःला उच्च समजू लागले की ती रीत ते पहिल्यांदा सोडत असे. घराण्याची प्रतिष्ठा वाढे आणि तिची किंमत घरातली विधवा आयुष्यभर चुकवीत राही.

सुरतेचा खटला

१८८१ साली गुजरातेतील सुरत येथे एक खटला चालला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येचा आरोप होता. वैधव्यात गर्भ राहिला आणि लोकापवादाच्या भीतीने तिने हे कृत्य केले. न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. मूल जन्माला घालण्यात ज्याचा वाटा होता तो पुरुष मात्र या साऱ्या प्रकरणात कोठेच नव्हता. त्याच्यावर खटला नाही, त्याची चौकशी नाही, वर्तमानपत्रांत त्याची निंदाही नाही.

अशा घटना विरळ नव्हत्या. विधवांवर ओढवणारा हा प्रसंग ओळखूनच जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. अडलेल्या विधवेने तेथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल तेथेच सोडून गेले तरी चालेल, अशी ती व्यवस्था होती. तेथेच काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉ. यशवंत झाला. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा संमत झाला होता, पण कायदा कागदावर आणि केशवपन घरोघरी, अशी स्थिती होती.

विजयालक्ष्मीच्या निमित्ताने वर्तमानपत्रांत चर्चेला ऊत आला. पुण्याच्या ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्राने त्या एका स्त्रीच्या अपराधावरून सगळ्या स्त्रीजातीच्या नीतीवर शिंतोडे उडविले. शिक्षणाने आणि नव्या वाऱ्याने बायका बिघडल्या, असा त्या लिखाणाचा सूर होता. ते वाचून बुलढाण्यात ताराबाईंनी लेखणी उचलली.

‘स्त्रीपुरुषतुलना’

१८८२ साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यात हे पुस्तक छापले गेले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. स्त्री आणि पुरुष यांत अधिक साहसी कोण, हे दाखविणे हा पुस्तकाचा घोषित हेतू होता. आजच्या वाचकाने येथे थोडे थांबले पाहिजे. आपण आज साहस म्हणजे धाडस समजतो. त्या काळच्या भाषेत साहस म्हणजे अविचाराने केलेले अनुचित कृत्य. स्त्री ही स्वभावतःच साहसी, असा आरोप शास्त्रकारांपासून वर्तमानपत्रकारांपर्यंत सर्व जण करीत होते. ताराबाईंनी तो आरोप जसाच्या तसा घेतला आणि म्हटले की आता दोघांनाही एकाच तराजूत घालून पाहू.

पुस्तकाची बांधणी हीच त्याची ताकद आहे. संस्कृत सुभाषितांत स्त्रियांवर लादलेले दोष त्यांनी एकेक करून पुढे घेतले. कपट, संशय, अविचार, दुराचार, मोह यांपैकी प्रत्येक दोषापाशी त्या थांबतात आणि विचारतात की हा दोष पुरुषात नाही काय? असेल तर किती? दारू कोण पितो, जुगारात घर कोण घालवितो, कचेरीत लाच कोण खातो, गोड बोलून भोळ्या बाईला नादी लावून मग वाऱ्यावर कोण सोडतो? आणि शेवटी, दोघांनी मिळून केलेल्या अपराधाचा कलंक एकटीच्याच कपाळी का लागतो? विजयालक्ष्मीच्या खटल्याचे नेमके उत्तर या शेवटच्या प्रश्नात आहे.

पतीला देव मानण्याचा उपदेश त्यांना मान्य होण्यासाठी त्यांची एक अट होती : देवपण हवे असेल तर वागणेही देवासारखे हवे. सावित्रीची कथा घरोघरी सांगितली जाते. पतीचे प्राण परत आणण्यासाठी ती यमाच्या मागे गेली. ताराबाई विचारतात की पत्नीसाठी यमाच्या दारी गेलेला एखादा पुरुष कोणी ऐकला आहे काय? उलट पत्नीचे दिवस होतात न होतात तोच दुसरी घरात आणली जाते. पत्नी मेलेल्या पुरुषाचे तोंड पाहणे अशुभ नसते, त्याचे केस उतरवले जात नाहीत, लग्नकार्यातून त्याला दूर ठेवले जात नाही. मग मृत्यू तोच असता एकाला नवे बाशिंग आणि दुसरीला अंधारी खोली, हा निवाडा कोणत्या देवाने दिला?

सुधारणेच्या गप्पा मारणारे सुशिक्षितही त्यांच्या तावडीतून सुटले नाहीत. पागोटे जाऊन टोपी आली, पायांत बूट आले, खाण्यापिण्याचे निर्बंध सैल झाले. पुरुषांनी आपल्या सोयीसाठी धर्माची बंधने एकेक करून सोडली. स्त्रीची पाळी आली की तोच धर्म सनातन आणि अढळ ठरतो! सभा भरतात, भाषणे होतात, टाळ्या पडतात आणि घरातली विधवा जेथे होती तेथेच राहते. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा तेव्हाच्या लोकप्रिय कादंबऱ्यांवरही त्यांनी टीका केली. आपल्याकडे साहित्यातील स्त्रीचित्रणाची एका स्त्रीने केलेली ही पहिल्या काही समीक्षांपैकी एक म्हणावी लागेल.

भाषा त्यांनी घरातली वापरली. आपण घरात कोंडलेली मराठा बाई, आपले लिहिणे अडाणी आणि तिखट वाटेल, असे त्या सुरुवातीलाच नम्रपणे सांगून ठेवतात. पण पुढे वाचावे तसे कळते की ही नम्रता त्यांनी दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांसारखी उंबऱ्यापाशीच ठेवली होती. आत त्यांच्या बोलण्यात ओवीची लय आहे, भांडणाची धार आहे आणि पदोपदी उपहास आहे.

या पुस्तकाला मर्यादाही आहेत. ताराबाईंच्या डोळ्यांसमोर आहे ती मुख्यतः वरच्या म्हणविणाऱ्या जातींच्या माजघरातली स्त्री. उन्हात राबणारी, गावकुसाबाहेर राहणारी, जातीचा आणि बाईपणाचा असा दुहेरी भार वाहणारी स्त्री या तुलनेत फारशी दिसत नाही. मांग-महारांचे दुःख एका मुलीने शब्दांत मांडले होते ते त्याआधी २७ वर्षे, १८५५ मध्ये. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या अवघ्या चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला होता. मुक्ता आणि ताराबाई यांची लिखाणे शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजेच चित्र पूर्ण होते, असे आम्हाला वाटते.

जोतीरावांचा पाठिंबा आणि नंतरचे मौन

पुस्तक बाहेर पडले आणि टीका सुरू झाली. सनातन्यांनी नावे ठेवली यात नवल नाही. खुद्द सत्यशोधक वर्तुळातील काही पुरुषांनाही एका बाईने पुरुषांना इतके झोडपावे हे रुचले नाही. जातीच्या उतरंडीविरुद्ध लढणाऱ्यालाही घरातली उतरंड दिसेलच असे नाही, हा धडा तेव्हापासून आपल्या चळवळींना मिळालेला आहे. जोतीराव मात्र ठामपणे ताराबाईंच्या मागे उभे राहिले. १८८५ साली काढलेल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा लेकीच्या मायेने उल्लेख केला आणि त्यांच्या टीकाकारांचा समाचार घेतला. बाबासाहेबांनी भगवान बुद्ध आणि संत कबीर यांच्यासह जोतीरावांना आपला गुरू मानले, त्याची जी अनेक कारणे आहेत, त्यांत हेही एक धरावे.

यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिले नाही. सुमारे १९१० साली त्यांचे निधन झाले. म्हणजे पुस्तकानंतरची जवळपास २८ वर्षे त्या बुलढाण्यात जगल्या आणि त्यांच्या लेखणीतून पुन्हा ग्रंथ उतरला नाही. त्याच १८८२ सालात पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले आणि त्यांनी आर्य महिला समाजही स्थापन केला. रमाबाईंना पुढे परदेश, मित्रपरिवार, संस्था आणि वाचक लाभले. ताराबाईंना यांपैकी काही लाभले नाही. गावात बरोबरीने बोलणारी मैत्रीण नाही, लिखाण मागणारा संपादक नाही, स्वतःची म्हणावी अशी सभा नाही. प्रतिभा एकटीने किती काळ तग धरील?

१९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, संशोधक स. गं. मालशे यांनी या विस्मृत पुस्तकाची प्रत मिळवून ते पुन्हा प्रकाशित केले. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि बुलढाण्याच्या ताराबाई जगभरच्या विद्यापीठांत वाचल्या जाऊ लागल्या.

दूरच्या देशातील बहीण

स्त्रीला एक आणि पुरुषाला दुसरे, ही दोन मापे केवळ आपल्याच देशात होती असे नाही. बौद्ध परंपरेचा वारसा सांगणाऱ्या कोरियात ना हे-सोक नावाची लेखिका आणि चित्रकार १८९६ साली जन्मली. १९१८ मध्ये तिने शिकू पाहणाऱ्या मुलीची कथा लिहिली. १९३४ मध्ये तिने स्वतःच्या घटस्फोटाविषयी उघडपणे लिहिले आणि विचारले की पुरुष स्वतः जे पाळीत नाही ते पावित्र्य तो स्त्रीकडून कोणत्या तोंडाने मागतो? प्रश्न ताराबाईंचाच होता. समाजाने तिच्याकडे पाठ फिरविली. १९४८ साली एका धर्मार्थ रुग्णालयात ती निराधार अवस्थेत मरण पावली. तीही अनेक दशके विस्मृतीत राहिली आणि पुढे पुन्हा सापडली.

तिची समवयस्क मैत्रीण किम इर्योप हीसुद्धा लेखिका. तिने १९२० मध्ये नव्या स्त्रीसाठी मासिक काढले होते. पुढे ती सुदोकसा या बौद्ध विहारात भिक्खुणी झाली. पडत्या काळात ना हे-सोक काही वर्षे त्याच विहाराजवळ राहिली होती. थेरीगाथेतील भिक्खुणींनी अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या मुक्तीचे अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगितले, हे आमच्या मुली वंदनेच्या तासाला शिकतात. स्त्रीच्या स्वतंत्र वाणीला संघाने दिलेला तो आसरा विसाव्या शतकातल्या कोरियातही एका लेखिकेला उपयोगी पडला, हे त्यांना कळले पाहिजे.

बुलढाण्यापासून येवल्यापर्यंत

ताराबाईंनी घरातला अन्याय पाहिला आणि त्याचा दोष पुरुषाच्या स्वार्थाला दिला. या अन्यायाचे मूळ कोठे आहे ते बाबासाहेबांनी दाखविले. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याच्या सक्तीने. ही सक्ती टिकावी म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी आल्या, असे त्यांनी त्यात सिद्ध केले. म्हणजे विधवेची अंधारी खोली आणि गावकुसाबाहेरची वस्ती या एकाच इमारतीच्या दोन भिंती आहेत. एक भिंत ठेवून दुसरी पाडता येत नाही.

पुढचा सारा प्रवास याच समजुतीतून झाला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १९३५ साली येवल्यात धर्मत्यागाचा निर्धार झाला. स्त्रीला वारसा, घटस्फोट आणि एकपत्नीत्वाचा हक्क देऊ पाहणारे हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ आणि १९५६ च्या कायद्यांनी त्यातील बराच भाग प्रत्यक्षात आला. ताराबाईंनी मागितलेले एकच माप अखेर निदान कायद्याच्या पुस्तकात तरी उतरले.

आणि गावकुसाबाहेरच्या ज्या स्त्रिया ताराबाईंच्या पुस्तकात आल्या नाहीत, त्यांनी आंबेडकरी चळवळीच्या बळावर आपली पुस्तके स्वतः लिहिली. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, आपल्या नाशिकच्या शांताबाई दाणी यांचे ‘रात्रंदिन आम्हा’, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन सिद्ध केलेले ‘आम्हीही इतिहास घडवला’ ही पुस्तके आमच्या ग्रंथालयात ‘स्त्रीपुरुषतुलने’च्या शेजारी असावीत, असा आमचा आग्रह आहे.

आमच्यापुढील काम

चरित्र वाचून हार घालणे सोपे असते. ताराबाईंचा तराजू आज आपल्या घरात आणि आपल्या शाळेत लावून पाहणे कठीण आहे. कांदा लावणीचे दिवस आले की अनेक घरांत आधी मुलीची शाळा बुडते, मुलाची मागाहून. दहावीनंतर मुलाला तालुक्याच्या कॉलेजात आणि मुलीला स्थळे पाहायला, हा हिशेब अजून बदललेला नाही. मुलगा उशिरा आला तर कोठे गेला होतास असे विचारतात, मुलगी उशिरा आली तर कोणाबरोबर होतीस असे विचारतात. वसतिगृहात भाकरी थापण्याची आणि झाडलोट करण्याची पाळी दोघांना सारखी आहे काय, संध्याकाळनंतर ग्रंथालयात बसण्याची मुभा दोघांना सारखी आहे काय, हे प्रश्नही याच तराजूतले आहेत. त्यांची उत्तरे आम्हा शिक्षकांनी, पालकांनी आणि संस्थाचालकांनी द्यायची आहेत.

ताराबाईंच्या चरित्रात आम्हाला सर्वांत जास्त सलतात ती पुस्तकानंतरची २८ वर्षे. एका बापाने मुलीला वाचायला शिकविले, म्हणून एक पुस्तक जन्माला आले. तिच्याभोवती ऐकणारे चार लोक नव्हते, म्हणून दुसरे आले नाही. निवासी शाळा असते ती हे चार लोक मिळवून देण्यासाठी. येथे एकीचे लिखाण दुसरी वाचते, तिसरी त्यावर वाद घालते, आणि तिचा निबंध भित्तिपत्रकावर लागतो तेव्हा मुलगेही थांबून तो वाचतात. मुक्तिभूमीच्या सान्निध्यात शिकणाऱ्या आमच्या प्रत्येक मुलीने आपले पहिले लिखाण करावे, आणि त्यानंतरचे दुसरे, तिसरेही तिच्या हातून व्हावे, यासाठी आम्ही बांधील आहोत. ताराबाई शिंदे यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.